भिंतीवरचें अक्षर आणि दप्तरांतला कागद

घर भाड्यानें घेणारा मनुष्य बहुधा दोनच गोष्टी विचारतो: भाडें किती, आणि नळाला पाणी केव्हां येतें. तुळई आंतून पोखरली आहे काय, खांबांतील लोखंड गंजलें आहे काय, आग लागल्यास जिना उतरून जातां येईल काय, हें त्यास दिसत नाहीं. दिसलें तरी त्याचा अर्थ उमगत नाहीं. तें पाहण्यासाठीं समाजानें तपासनीस नेमला. परंतु तपासनिसानें जें पाहिलें तें त्यानें कोणास सांगावें? घरमालकास, आपल्या वरिष्ठास, कीं त्या छपराखालीं निजणाऱ्या कुटुंबास? प्रश्न दिसतो साधा. पण आपल्या प्रांताच्या गेल्या सवाशें वर्षांच्या इतिहासांत त्याचें उत्तर अनेकदां बदललें आहे, आणि त्या बदलांची किंमत माणसांनीं प्राणांनीं मोजली आहे. सरकारनें किंवा नगरसंस्थेनें ज्या भाड्याच्या घरांस पैशाचा आधार दिला, त्यांच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तेथें मालक, तपासनीस आणि तक्रार ऐकणारा हे तिघेहि पुष्कळदां एकाच कचेरींत बसलेले असतात. या इतिहासाचा धागा शेवटीं आमच्या नगर जिल्ह्याशीं कसा येऊन जुळतो, हें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या कथेचा आरंभ मुंबईंत नसून स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरांत आहे. कारण मुंबईनें पुढें शहरसुधारणेची जी संस्था उभारली तिचा नमुना तेथला होता. ग्लासगो हें कारखान्यांचें आणि जहाजबांधणीचें शहर. १९ व्या शतकाच्या मध्यास तेथें मजुरांची विलक्षण दाटी झाली. १८६२ च्या पोलीस कायद्यानें तेथील अधिकाऱ्यांस लहान घरें मोजण्याचा अधिकार मिळाला. खोलीची लांबी, रुंदी व उंची घेऊन, दर प्रौढ माणसामागें ३०० घनफूट हवा पाहिजे या हिशेबानें तेथें किती जणांनीं निजावें तें ठरविलें जाई, आणि तो आंकडा पत्र्याच्या लहानशा तिकिटावर उमटवून दारावर ठोकला जाई. रात्रीं तपासनीस येत, दार ठोठावीत आणि झोपलेलीं माणसें मोजीत. आंकड्याहून अधिक असलेले बिचारे कपाटांत, खाटेखालीं, क्वचित् छपरावर जाऊन लपत. म्हणजे तपासणीचें फळ दारावर सर्वांस दिसेल असें लावलेलें होतें, हें खरें. पण तें भाडेकरूच्या हातांत दिलेलें शस्त्र नव्हतें, त्याच्यावर रोखलेलें शस्त्र होतें. किती माणसें निजावीं हें त्या तिकिटावर होतें. छप्पर कां गळतें आणि तें कोणीं दुरुस्त करावें, हें त्यावर नव्हतें.

आतां मुंबईकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांस ग्रंथिज्वराचे रोगी आढळले आणि शहरास प्लेगनें ग्रासलें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी माणसास कोणाच्याहि घरांत शिरून पाहणी करण्याचा अधिकार आला. त्या काळचीं छायाचित्रें आज उपलब्ध आहेत. चाळीच्या भिंतींवर वर्तुळें काढलेलीं आणि त्यांत तारखा घातलेल्या त्यांत दिसतात. एकेक वर्तुळ म्हणजे त्या घरांतील एकेक मृत्यु. ज्या खोल्या माणसांच्या वस्तीस अयोग्य ठरत, त्यांवर 'यु. एच्. एच्.' अशीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलीं जात. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें होतीं.

या तीन अक्षरांचा थोडा विचार करण्यासारखा आहे. आमच्या इकडे तपासणीचा निष्कर्ष उघड्यावर जाहीर करण्याचा हा एक फार जुना प्रकार होय. गुप्तता तेथें मुळींच नव्हती. रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकास तीं अक्षरें दिसत. तरी त्यांत प्रकटता होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्याच्या खोलीवर तीं काढलीं, तो कोंकणांतून किंवा देशावरून गिरणींत आलेला मजूर. त्यास ती लिपि येत नव्हती. खोली अयोग्य कां, हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं. उजेड नाहीं म्हणून, मोरी तुंबली म्हणून, कीं शेजारीं रोगी मेला म्हणून? खोली सोडून कोठें जावें, हेंहि कोणीं सांगितलें नाहीं. त्यास एवढेंच कळलें कीं, सरकारचा हात घरांत आला आणि आपण बाहेर पडलों. पुण्यांत हाच प्रकार अधिक कठोरपणें झाला, आणि १८९७ च्या जून महिन्यांत रँडसाहेबावर गोळी सुटली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. रोग निवारणाचा हेतु कितीहि चांगला असो, ज्याच्या घराची पाहणी होते त्यास कारण कळत नसेल आणि पर्याय मिळत नसेल, तर तो पाहणीस संकटाहून मोठें संकट मानतो. त्या पिढीनें शिकलेला हा धडा आजहि जुना झालेला नाहीं.

प्लेगच्या धक्क्यानेंच १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ग्लासगोनें १८६६ सालीं कायदा करून जी व्यवस्था केली होती, तिच्याच धर्तीवर गलिच्छ वस्त्या पाडणें, रस्ते काढणें आणि मजुरांसाठीं चाळी बांधणें हीं कामें ट्रस्टकडे आलीं. परळ येथील ट्रस्टच्या चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें वास्तव्य कित्येक वर्षें होतें. पहिलें महायुद्ध संपतां संपतां घरांची टंचाई इतकी वाढली कीं १९१८ सालीं भाड्यांवर नियंत्रण घालावें लागलें, आणि १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनें स्वतःचें डेव्हलपमेंट खातें उघडलें. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. मजुरांस परवडेल असें भाडें घेतलें तर तोटा येणार हें उघड होतें. म्हणून शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठोड्यामागें एक रुपया जकात बसवून तो तोटा भरून काढावा अशी योजना झाली. वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या १६,००० च्या आसपास झाल्या. एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. 'बी. डी. डी. चाळी' या नांवानें त्या मुंबईच्या सामाजिक इतिहासांत अमर झाल्या आहेत. सार्वजनिक पैशाच्या आधारानें उभारलेलें भाड्याचें घर एवढ्या मोठ्या प्रमाणावर आमच्या प्रांतानें पाहिलें तें येथेंच.

या चाळींबरोबर दोन नव्या गोष्टी आल्या, आणि त्या दोहोंचा आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे. पहिली गोष्ट अशी कीं, सरकार स्वतः घरमालक झालें. खाजगी मालकाच्या घरावर म्युनिसिपालिटीचा तपासनीस नोटीस चिकटवूं शके. परंतु सरकारच्या घरावर सरकारच्याच बांधकाम खात्याचा इंजिनियर पाहणी करणार, त्याची नोंद त्याच खात्याच्या वहींत होणार, आणि दुरुस्तीस पैसा मंजूर करणारा अधिकारीहि तोच किंवा त्याचा वरिष्ठ. भिंतीवरचें अक्षर आतां नाहींसें झालें. त्याच्या जागीं दप्तरांतला कागद आला. भाडेकरूच्या दृष्टीनें पहिलें अक्षर वाचतां येत नव्हतें. दुसरा कागद दिसतच नव्हता.

दुसरी गोष्ट बांधकामाच्या सामानाची. या चाळी लोखंडी सळया घातलेल्या सिमेंट काँक्रीटच्या होत्या. जुन्या लांकडी वाड्याचें एक बरें असे: तो पडण्यापूर्वीं बोलत असे. तुळई करकरे, आढ्यावरून माती झरे, भिंतीस पोट येई. घरांतील एखाद्या वृद्ध बाईसहि कळे कीं यंदाचा पावसाळा हें घर काढणार नाहीं. काँक्रीटचें तसें नाहीं. हवेंतील कर्बवायु आणि समुद्राकडील खारी हवा हळूहळू आंत झिरपते, सळईवरील संरक्षण नष्ट होतें आणि ती गंजूं लागते. गंजलेलें लोखंड मूळच्या लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतें. त्या फुगण्यानें वरचें काँक्रीट आंतून फुटतें. बाहेर रंग दिलेला असेल तर हें वर्षानुवर्षें कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां पुष्कळदां वेळ थोडा राहिलेला असतो. तात्पर्य, घराची प्रकृति ओळखण्याची विद्या घरांतील माणसांच्या हातून गेली आणि यंत्रें बाळगणाऱ्या तज्ज्ञाच्या हातीं आली. ज्या दिवशीं हें झालें त्या दिवसापासून तज्ज्ञाचा कागद पाहण्याचा अधिकार हा भाडेकरूच्या जीविताच्या अधिकाराचाच एक भाग झाला, असें आम्ही मानतों. पूर्वीं त्याचे डोळे त्यास पुरत. आतां त्याचे डोळे त्या कागदांत आहेत.

खाजगी चाळींची कथा निराळ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचली. १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १९४० च्या सुमाराच्या पातळीवर बांधून टाकलीं. त्यामुळें लक्षावधि गरीब कुटुंबांस आसरा टिकला, हें विसरतां कामा नये. पण दुरुस्तीच्या खर्चास पुरेल एवढेंहि भाडें न उरल्यामुळें मालकांनीं घरांकडे पाठ फिरविली. पावसाळ्यांत घरें कोसळूं लागलीं. अखेर १९६९ सालीं मुंबई घरदुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. रहिवाशांकडून उपकर घ्यावा, त्यांत सरकारनें व नगरसंस्थेनें भर घालावी आणि मंडळानें दुरुस्ती करावी, अशी ती व्यवस्था. आरंभीं १९,६४२ इमारती या व्यवस्थेखालीं आल्या. पुढें हें मंडळ म्हाडाचा भाग झालें. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी हें मंडळ जाहीर करतें, आणि ती वृत्तपत्रांतून नांवपत्त्यासह छापून येते.

ही यादी म्हणजे आमच्या विषयाच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पाऊल होय. तपासणीचा निष्कर्ष भाडेकरूच्या स्वतःच्या भाषेंत, त्याच्या इमारतीच्या नांवासह, संकटापूर्वीं त्याच्यापर्यंत पोंचतो. परंतु पाऊल अर्धेंच पडलें आहे. यादींत निकाल असतो, निकालाचीं कारणें नसतात. महानगरपालिकेनेंहि इमारतींचे वर्ग पाडले आहेत: 'सी-१' म्हणजे तत्काळ रिकामी करण्याजोगी, 'सी-२' चे दोन पोटवर्ग मोठ्या दुरुस्तीचे, 'सी-३' किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत कोणत्या वर्गांत पडली हें रहिवाशास कळतें. कोणत्या खांबावरून, कोणत्या चाचणीवरून, कोणाच्या सहीनें पडली, हें सहसा कळत नाहीं. शिवाय जी इमारत यादींत नाहीं ती सुरक्षित आहे, असा अर्थ लोक काढतात. तो अर्थ यादी करणाऱ्यास अभिप्रेत नसतो, पण तसें तो सांगतहि नाहीं.

या अर्ध्या प्रकाशांत काय घडतें, याचीं दोन उदाहरणें पुरेत. २०१३ च्या सप्टेंबरच्या २७ तारखेस पहाटे डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची पांचमजली इमारत कोसळली आणि ६१ माणसें गेलीं. ही इमारत महानगरपालिकेची स्वतःची होती; रहिवासी पालिकेचे कर्मचारी आणि त्यांचीं कुटुंबें; तळमजला गोदामास भाड्यानें दिलेला. खाजगी मालकांस नोटिसा देणारी संस्था, तपासनीस नेमणारी संस्था आणि भाडें घेणारी संस्था एकच होती. दुसरें उदाहरण २०१९ च्या जुलैमधील डोंगरीच्या केसरबाई इमारतीचें. ती पडल्यावर पडलेला भाग आपल्या उपकरप्राप्त इमारतींपैकीं नव्हे, असें म्हाडानें सांगितलें. पालिकेच्या दप्तरांत २०१७ सालींच त्या पत्त्यावरील इमारत रिकामी करण्याजोगी ठरली होती, हेंहि बाहेर आलें. एका पत्त्यावर दोन बांधकामें, दोन संस्थांचीं दोन दप्तरें, आणि आंत राहणाऱ्या कुटुंबांस आपण नक्की कोणत्या कागदाखालीं निजतों आहों याचा पत्ता नाहीं! दोन्हीं ठिकाणीं कागद अगदींच नव्हते असें नाहीं. ज्यांच्या जिवाशीं त्यांचा संबंध होता त्यांच्यासमोर ते उघडे नव्हते.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. तें पोकळ नाहीं. अधिकारी म्हणतात, सर्व अहवाल उघडे केले तर घबराट माजेल. अर्धवट समजुतीनें लोक चांगलीं घरें सोडतील आणि वाईट घरांत राहणारे कायद्याच्या कचेऱ्या झिजवितील. या आक्षेपास उत्तर सोपें आहे: कारणांसह दिलेल्या माहितीनें घबराट होते तिच्याहून कितीतरी अधिक घबराट अफवेनें होते. परंतु दुसरा आक्षेप खुद्द भाडेकरूंचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. इमारत धोकादायक ठरली कीं घर गेलें, हा त्यांचा अनुभव. संक्रमण शिबिरांत दोन वर्षांसाठीं गेलेलीं कुटुंबें दोन दोन दशकें तेथेंच राहिलीं. कांहीं मालक भाडेकरूंस घालविण्यासाठीं आपणांस हवा तसा अहवाल मिळवितात, अशीहि तक्रार जुनी आहे. १८९७ च्या मजुरास भिंतीवरील अक्षराची जी भीति वाटे, तीच ही भीति; केवळ अक्षर बदललें आहे. २०१४ च्या जून महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें याविषयीं मार्गदर्शक नियम घालून दिले: मालकाचा आणि भाडेकरूंचा अहवाल परस्परविरुद्ध आल्यास तो वाद तांत्रिक सल्लागार समितीपुढें जावा. या नियमाचा गाभा पाहिला तर तो प्रकटतेचाच आहे. दोन तज्ज्ञांचीं मतें समोरासमोर ठेवावयाचीं तर दोहोंचीं कारणें उघड झालींच पाहिजेत. खोट्या धोक्यापासून भाडेकरूस वांचविणारें आणि खऱ्या धोक्यापासून वांचविणारें साधन एकच आहे, तें म्हणजे कारणांसह उघडा अहवाल.

आतां नगर जिल्ह्याकडे येऊं. क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा असा हा जिल्हा; २०२४ सालापासून त्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे. येथें बी. डी. डी. सारख्या चाळी नाहींत. सरकारी नोकरांच्या व पोलिसांच्या वसाहती, नगरच्या पेठांतील जुने वाडे आणि औद्योगिक वसाहतींभोंवतीं भाड्याच्या खोल्या, एवढाच येथील भाडेकरूचा संसार. परंतु ज्या कायद्यानें दप्तरांतल्या कागदास प्रथम खरा धक्का दिला, त्याची चळवळ महाराष्ट्रांत याच जिल्ह्यांतील पारनेर तालुक्यांतून उभी राहिली. राजस्थानांत १९९४ पासून मजूर-किसानांच्या संघटनेनें जनसुनावण्या भरवून, सरकारी कामांचे हिशेब गांवासमोर मोठ्यानें वाचून दाखविण्याची प्रथा पाडली होती. महाराष्ट्रांत २००० सालीं झालेला माहितीचा कायदा अगदींच तोकडा ठरला, तेव्हां राळेगणसिद्धीच्या श्री. अण्णा हजारे यांनीं तो प्रश्न हातीं घेतला. २००२ सालीं नवा कायदा आला. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळण्यास विलंब लागला म्हणून २००३ च्या ऑगस्टांत त्यांनीं मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलें, आणि संमति मिळाली. दोनच वर्षांनीं केंद्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला; २००५ च्या ऑक्टोबरच्या १२ तारखेपासून तो लागू आहे.

या कायद्यांतील दोन कलमें आमच्या विषयाशीं थेट भिडतात. ४ थें कलम सांगतें कीं, प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें आपल्या कामाची माहिती कोणीं मागण्यापूर्वींच, आपण होऊन, लोकांस सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावी, आणि आपल्या निर्णयांचीं कारणें त्या निर्णयानें बाधित होणाऱ्यांस द्यावीं. ७ वें कलम सांगतें कीं, माहिती एखाद्याच्या जीविताशीं किंवा स्वातंत्र्याशीं संबंधित असेल तर ती ४८ तासांत दिली पाहिजे. छप्पर डोक्यावर पडेल कीं नाहीं, यापेक्षां जीविताशीं अधिक निगडित माहिती ती कोणती? कायद्याचीं अक्षरें अशीं स्पष्ट असतां, सरकारी वसाहतींतील एखाद्या शिपायाच्या कुटुंबानें आपल्या इमारतीचा अहवाल पाहण्यासाठीं अर्ज करावा, दहा रुपयांचें तिकीट लावावें आणि तीस दिवस वाट पाहावी, हें त्या कायद्याच्या आत्म्याशीं विसंगत आहे. मागणाऱ्यास माहिती मिळते हें खरें. पण मागावें हें ज्यास सुचत नाहीं त्याचें काय?

आणि नगर जिल्ह्यासच हा प्रश्न विचारण्याचा दुःखद अधिकार प्राप्त झाला आहे. २०१७ च्या ऑगस्टांत नगरजवळील निंबोडी येथें जिल्हा परिषदेच्या शाळेचें छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. २०२१ च्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस नगरच्या जिल्हा रुग्णालयांतील अतिदक्षता विभागास आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखीं पडले. त्याच वर्षाच्या जानेवारींत भंडाऱ्याच्या रुग्णालयांत १० नवजात बालकें आगींत गेलीं होतीं, आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. नगरच्या रुग्णालयाचीहि तपासणी झाली होती आणि सुचविलेलीं कांहीं कामें राहून गेलीं होतीं, ही गोष्ट लोकांस वृत्तपत्रांतून कळली ती आगीनंतर. शाळा आणि रुग्णालय हीं भाड्याचीं घरें नव्हेत, हें आम्ही जाणतों. पण तत्त्व तेंच आहे. सरकारच्या छपराखालीं लोकांनीं आपलें मूल किंवा आपला रोगी विश्वासानें ठेवला, तपासणीचा कागद झाला, आणि तो कागद ज्यांच्यासाठीं होता त्यांच्यापर्यंत आगीच्या आधीं गेला नाहीं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें दर वर्षीं जानेवारींत व जुलैंत, परवानाधारक संस्थेकडून अग्निव्यवस्था चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र घेऊन सादर करणें बंधनकारक केलें आहे. सादर करावयाचें तें अधिकाऱ्याकडे. तें दर्शनी दालनांत रुग्णांच्या नातेवाइकांस दिसेल असें टांगावें, ही प्रथा मात्र अद्याप आमच्या अंगवळणीं पडलेली नाहीं.

हा दोष केवळ आपलाच आहे असें समजून खिन्न होण्याचें कारण नाहीं. लंडनमध्यें १९६८ सालीं रोनन पॉइंट नांवाची नगरसंस्थेची उंच इमारत वायूच्या स्फोटानें एका कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत ढासळली. २०१७ च्या जून महिन्यांत तेथेंच ग्रेनफेल टॉवर या नगरसंस्थेच्या भाड्याच्या घरांस आग लागून ७२ माणसें मेलीं. रहिवाशांच्या संघानें तत्पूर्वीं कित्येक महिने जाहीर इशारे दिले होते. त्या आगीनंतर तेथें २०२२ सालीं इमारत-सुरक्षेचा नवा कायदा झाला, आणि उंच इमारतींच्या व्यवस्थापकांनीं सुरक्षेची माहिती रहिवाशांस दिलीच पाहिजे असें ठरलें. अमेरिकेंत केंद्रसरकारच्या साह्यानें चालणाऱ्या भाड्याच्या वसाहतींची पाहणी करून तीस १०० पैकीं गुण देण्याची आणि ते गुण प्रसिद्ध करण्याची पद्धति पडली. गुण दिल्यानें घरें आपोआप सुधारलीं असें नव्हे. परंतु कोणत्या वसाहतीची हेळसांड होते आहे हें वृत्तपत्रांस, न्यायालयांस आणि खुद्द भाडेकरूंस बोट ठेवून दाखवितां येऊं लागलें.

आपल्याकडेहि याचें बीज पडलें आहे. पण तें घर विकत घेणाऱ्यांच्या अंगणांत. २०१७ सालापासून महारेराच्या नोंदवहींत बांधकामाच्या परवानग्या, नकाशे व प्रगति हीं कोणासहि पाहतां येतात. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्यास हें संरक्षण मिळालें, तें योग्यच झालें. पण ज्याच्यापाशीं पुंजी नाहीं आणि जो सरकारच्या किंवा नगरसंस्थेच्या खोलींत अल्प भाड्यानें राहतो, त्यास आपल्या खांबाची स्थिति कळूं नये, हा कोणता न्याय? अल्प भाडें हें दान नव्हे. आणि दान असलें तरी देणाऱ्यानें घेणाऱ्याचा जीव धोक्यांत आहे कीं नाहीं हें लपवावें, असें कोणतेंच धर्मशास्त्र सांगत नाहीं. २०२० सालीं केंद्रसरकारनें परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना काढली. जुन्या बी. डी. डी. चाळींच्या जागीं नवे मनोरे उठत आहेत. वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांस २०२५ च्या ऑगस्टांत किल्ल्या मिळाल्या. नवीं घरें उभीं राहत असतांनाच नवी रीति घालून देणें सोपें असतें. घरें जुनीं झाल्यावर तें कठीण जातें.

ती रीति कोठून आणावी? आमच्या मतें त्यासाठीं परदेशाकडे पाहण्याची तितकीशी गरज नाहीं. आमच्या खेड्यांतून चावडीवाचनाची प्रथा आहे. तलाठी गांवच्या जमिनींच्या नोंदी चावडीवर मोठ्यानें वाचतो, आणि ज्याच्या नांवापुढें चूक झाली असेल तो उभा राहून सांगतो. या प्रथेंत तीन गुण आहेत: कागद लोकांच्या भाषेंत वाचला जातो, ज्याचा संबंध आहे त्याच्यासमोर वाचला जातो, आणि हरकत घेण्यास जागा असते. प्लेगच्या अक्षरांत या तिहींपैकीं एकहि गुण नव्हता. म्हणून तें सर्वांस दिसत असूनहि आंधळें होतें. जमिनीच्या काठ्या-पांडांची नोंद जर आपण चावडीवर वाचतों, तर माणसें जिच्याखालीं निजतात त्या छपराची नोंद वाचण्यास अडचण कोणती? प्रत्येक सरकारी वसाहतींत, पावसाळ्यापूर्वीं एक दिवस ठरवून, इंजिनियरनें रहिवाशांसमोर अहवाल वाचावा: केव्हां पाहणी केली, काय आढळलें, काय करणें आहे, तें कोण करणार, त्यास पैसा मंजूर आहे कीं नाहीं, आणि घर सोडावें लागल्यास कुटुंबानें कोठें जावें. मग तोच कागद मराठींत, सहीसह, जिन्याजवळ लावावा. आणि मागल्या वर्षींचा कागद त्याच्या शेजारीं तसाच राहूं द्यावा, म्हणजे राहून गेलेलें काम आपोआप डोळ्यांत भरेल. यास मोठा खर्च नाहीं. लागतो तो फक्त एक निश्चय: ज्याच्या जिवावर बेतणार आहे त्यास आधीं सांगावयाचें, आणि मग इतरांस.

तपासनीस प्रामाणिक असेल तर त्याचा अहवाल उघडा होण्यानें त्याचें कांहींच जात नाहीं. उलट, त्यानें धोका सांगितला होता आणि पैसा कोणीं दिला नाहीं, हें सिद्ध करणारा साक्षीदार त्यास मिळतो. दप्तरांत बंद राहिलेला कागद दुर्घटनेनंतर चौकशी समितीच्या कामीं येतो. जिन्याजवळ लावलेला कागद दुर्घटनेपूर्वीं माणसांच्या कामीं येतो. या दोन कागदांवरील अक्षरें एकच असतात. फरक एवढाच कीं, एक वाचणारे जिवंत असतात.